जसं आलं तसं

दोन्ही हातांना मनगटापर्यंत साबण फासून मी तोटी फिरवली आणि तोटीतून नुसती हवा आली.

व्याख्यानाच्या खोलीबाहेर तिवईवर ही तोटीची बादली ठेवलेली असायची. विद्यापीठ पुन्हा उघडल्यापासून हात धुतल्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि दारावरचा रखवालदार या बाबतीत फार कडक होता.

"हात धुऊन या," तो म्हणाला.

"पाणी संपलंय."

"ते मला माहीत नाही. धुऊन या."

फेसाळलेले हात पुढे धरून मी भुतासारखी उभी राहिले. मागे रांग खाकरत होती. खाकरायची चोरी होती त्या दिवसांत, तरीही.

"हात जरा इकडे कर," बाजूने आवाज आला.

एक उंच मुलगा होता. त्याने खिशातून पाण्याची पिशवी काढली, मास्क हनुवटीखाली ओढला, पिशवीचा कोपरा दातांनी तोडला आणि मास्क परत वर घेतला. झालं ते इतकंच. पण तेवढ्यात मी पाहायचं ते पाहून घेतलं होतं. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि आमच्याकडे अशा फटीवर मुली फिदा असतात.

"एकदम सोडू की हळूहळू?"

"एकदम सोडलंस तर माझ्या बुटांत जाईल."

"मग हळूहळू." तो पिशवी दाबायला लागला. "घाई तशी कुणालाच नाहीये. सर आज उशिरा येणारेत."

"कुणी सांगितलं?" मी सवयीने विचारलं.

पाण्याची धार थांबली. त्याच्या भुवया वर गेल्या.

"तू यायरा आहेस," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"हे दोन शब्द दिवसातून इतक्या वेळा वापरणारी आमच्या ग्रुपवर एकच मुलगी आहे."

तेव्हा मलाही उलगडा झाला. हा एलिकेम. आमचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी. अर्धे हात धुऊन झालेले असताना भांडण काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी म्हणाले, "उरलेलं पाणी ओत."

सीआर म्हणजे आमच्याकडे लहानसहान माणूस नसतो. आहारशास्त्राच्या आमच्या वर्गाचं पहिलं अख्खं वर्ष घरात बसून, फोनवर गेलं. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण एलिकेमचा मेसेज आल्याशिवाय कुणाचा दिवस सुरू होत नव्हता. चाचणी कधी, खोली कुठली, कुठल्या धड्यावर सरांचा डोळा आहे — प्राध्यापक सीआरला सांगणार, सीआर ग्रुपवर टाकणार. आणि एलिकेमचं वेळापत्रक कधी म्हणजे कधी चुकलं नाही. म्हणून त्याच हाताने आलेलं बाकीचंही लोक डोळे मिटून घेत. बाकीचं भरपूर असायचं. कडुनिंबाची वाफ घ्या म्हणजे विषाणू पळतो. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, छातीत उतरत नाही. अमुक देशातल्या डॉक्टरने रडत रडत सांगितलेलं सत्य. प्रत्येकाच्या खाली एलिकेमची एकच ओळ: 'जसं आलं तसं पाठवतोय.' आणि त्याच्या खाली माझी: 'कुणी सांगितलं?' त्यावर तो एक हसरा चेहरा टाकून मोकळा व्हायचा. पुढे चार वर्षांनी लोकांना काय खावं ते सांगणार होतो आम्ही, आणि विद्यापीठ उघडताच पोरं वसतिगृहाच्या मागे चादरी पांघरून कडुनिंबाची वाफ घेत बसली होती.

त्या दिवशी दुपारी तो दावीच्या टपरीवर आला. मी बाकावर बसलेली होते.

"तू इथे जेवतेस?"

"मी हिच्याकडे राहते. ही माझी मावशी."

'दावी' या शब्दाचा अर्थ खरं तर थोरली बहीण, पण आमच्या एवे लोकांत जेवण विकणाऱ्या बाईला सगळं जगच दावी म्हणतं, आणि मग मीही तेच म्हणत आले. दावी आकोफाने मला लहानाची मोठी केली. विद्यापीठाच्या फाटकासमोर तिची टपरी होती. आकप्ले म्हणजे मक्याच्या पिठाचे मऊ गोळे, भेंडीचा रस्सा, वर कुरकुरीत सुकी मासळी. तिला साखरेचा आजार होता. गोळ्या वेळेवर घ्यायची नाही आणि मी बोलले की म्हणायची, "तू आधी पास हो, मग मला शिकव."

"अगं, हाच तर माझा सीआर!" दावी एलिकेमकडे पाहून खुलली. "यानेच मला तुमच्या ग्रुपमध्ये घेतलं."

हे मात्र खरं होतं. आज रस्सा कुठला, हे विचारून पोरांनी तिला भंडावून सोडलं होतं, तेव्हा एलिकेमने सरळ तिचा नंबर वर्गाच्या ग्रुपमध्ये घातला. रोज दुपारी दावीचा आवाज यायचा, "आज भेंडी आहे, मासळी ताजी आहे, उशीर कराल तर भांडं घासायला या." वर्गात कुणाचं व्याख्यान इतकं मन लावून ऐकलं जात नसेल.

"दावी, तुमची भाची माझ्याशी रोज भांडते," एलिकेम बसता बसता म्हणाला.

"माझ्याशीही भांडते. तू रस्सा घे."

मग तो रोज यायला लागला. आधी रश्श्यासाठी, मग रश्श्याचं नाव पुढे करून. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा की बोलायला एकमेकांच्या कानाशी जावं लागायचं, आणि त्या मोसमात पावसाने आम्हाला काही कमी केलं नाही.

"तू हसतोस तेव्हा मास्क का घालतोस?" एकदा मी विचारलं.

"रोगासाठी."

"रोगासाठी की फट लपवायला?"

"फट लपवायला असता तर त्या दिवशी पाण्याची पिशवी कात्रीने कापली असती ना…" तो पत्र्याखालून बाहेर पाहत म्हणाला. "कात्री होती माझ्याकडे. दप्तरात."

मी ताटात पाहिलं. कान तापले होते ते काळ्या कातडीवर दिसत नाहीत, ही देवाचीच कृपा.

मला तो आवडायला लागला होता. त्यात गुंतागुंतीचं काही नव्हतं. ग्रुपवर त्याच्या मेसेजखाली मी अजूनही 'कुणी सांगितलं?' लिहीत होते, फक्त आता लिहिताना हसत होते. तिथेच माझं चुकत होतं बहुतेक. हसण्यावारी न्यायची ती गोष्ट नव्हती.

लस आमच्या विद्यापीठात येणार अशी सूचना लागली. मैदानात मंडप, विद्यार्थ्यांबरोबर फाटकाबाहेरच्या टपरीवाल्यांनाही टोचणार. दावी माझ्याबरोबर यायला तयार होती. तिला भीती वाटत होती, पण मागच्या लाटेत बाजारातली तिची मैत्रीण गेली होती, तिलाही साखरच होती. दावीने तिच्या अंत्ययात्रेला जाण्यासाठी शोकाचं काळं-लाल कापड शिवून ठेवलं होतं आणि गर्दी करायची बंदी असल्यामुळे ते घालून ती घरातच बसली होती. ते मी विसरलेले नव्हते, आणि तीही.

मंडप लागायच्या आदल्या दिवशी दुपारी ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज आला. बाईचा आवाज, आमच्याच भाषेत, अगदी मायेचा. "मी राजधानीत, आक्राच्या मोठ्या इस्पितळात नर्स आहे. माझं नाव विचारू नका. ज्यांना साखर आहे त्यांनी ही सुई घेऊ नका. झोपतात ते उठत नाहीत. मी डोळ्यांनी पाहिलंय."

खाली एलिकेमची ओळ. जसं आलं तसं.

मी टपरीवर पोचले तेव्हा दावी फोन कानाला लावून तोच आवाज पुन्हा ऐकत होती.

"मी नाही येणार उद्या," ती म्हणाली.

"दावी, ती बाई कोण आहे ते तरी—"

"नर्स आहे. आणि तुमच्या विद्यापीठाच्या ग्रुपवर आलंय. सीआरने टाकलंय. त्याने सांगितलेली परीक्षा कधी चुकली का?"

चुकली नव्हती.

एलिकेमला मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर गाठलं.

"ती बाई कोण?"

"कोण बाई?"

"दुपारची. नर्स."

"माहीत नाही गं. मला चर्चच्या ग्रुपवरून आलं."

"मग पुढे का ढकललंस?"

"सीआरचं काम पोचवायचं असतं, यायरा. मी काही म्हटलं नाही त्यात. जसं आलं—"

"टपालाची पेटी आहेस का तू? दावीला साखर आहे. तुला माहीत आहे. रोज तिच्या हातचं जेवतोस."

तो जरा चिडूनच म्हणाला, "आणि खरं असतं तर? मी दाबून ठेवलं असतं आणि दावीला काही झालं असतं तर तू मला काय म्हणाली असतीस?"

मी त्याच्यासमोर येऊन उभी राहिले.

"तुझा विश्वास आहे त्या बाईवर?" मी विचारलं.

"माहीत नाही…" त्याने पायरीवरचा खडा उचलून परत ठेवला. "खरं सांगू? मलाच भीती वाटते त्या सुईची. ते ऐकलं तेव्हा बरं वाटलं. चला, कुणीतरी आपल्यासारखंच म्हणतंय."

इतका सरळ तो याआधी माझ्याशी बोलला नव्हता. मी त्याच्या बाजूला बसले. रागावलेलीच होते, पण बसले.

"मग जाऊन विचार ना," मी म्हणाले. "मंडप बांधतायत तिथे नर्स आहेत. तोंडाने विचारता येईल अशा, नाव असलेल्या."

तो गेला. बराच वेळ तिथे होता. परत आला तो थेट दावीसमोर जाऊन उभा राहिला.

"दावी, ती बाई कोण ते मला माहीत नाही. मी ते पाठवायला नको होतं. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, साखर असलेल्यांनी तर आधी घ्यावी."

दावीने डाव भांड्यावर आपटला. "म्हणजे मघाशी सीआर खोटं बोलला आणि आता खरं बोलतोय? की मघाशी खरं आणि आता ही तुझ्या कानाशी लागली म्हणून खोटं?"

"दावी!" मी ओरडले.

"तू मध्ये बोलू नकोस. तुला त्याचं सगळंच गोड लागतं." दावी त्याच्याकडे वळली. "तू टोचून घेणार आहेस का?"

एलिकेमने दंडावरून हात फिरवला. "हो."

"मग सकाळी टोचून घे आणि दिवसभर इथे या बाकावर बस. माझ्या डोळ्यांसमोर. काय होतं ते मी बघते. मंडप परवाही आहे."

सकाळी आम्ही दोघांनी टोचून घेतलं. सुई टोचताना त्याने माझी करंगळी धरली आणि नर्सबाईंनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. मग तो बाकावर येऊन बसला, आणि मी त्याच्या शेजारी. दावी रस्सा ढवळता ढवळता दर थोड्या वेळाने मान वळवून त्याला न्याहाळत होती. पोरं येत होती, जेवत होती, "सीआर, काय रे, शेपूट फुटलं का?" म्हणून विचारत होती. वर्गातली निम्मी पोरं त्याचं काय होतं ते पाहायला थांबली होती, हे त्यालाही कळत होतं.

"लग्नाला मुलगा बघायला आल्यासारखं वाटतंय," तो माझ्याशी पुटपुटला.

"पसंत पडलास तर सांगते."

"दावीला की तुला?"

"तू बस सरळ."

संध्याकाळ व्हायला लागली तशी दावीची मान वळायची कमी झाली. ती गुणगुणायलाही लागली. मी मनातल्या मनात जिंकलेच होते. तेवढ्यात एलिकेमचा हात माझ्या हाताला लागला आणि मी दचकले. चटका बसावा इतका गरम होता. त्याचे डोळे लाल दिसत होते आणि तो अंग चोरून बसला होता.

"ताप आलाय तुला," मी कुजबुजले.

"हं. येईल म्हणाल्या होत्या नर्सबाई. मला नाही तर तुला, कुणाला तरी."

"ऊठ. खोलीवर जा. दावी वळायच्या आत."

"आणि?"

"आणि काही नाही. उद्या म्हणू पावसात भिजला होतास. एका दिवसात उतरणाराच आहे. पण तिने आत्ता पाहिलं तर ती कधीच सुई घेणार नाही. एलिकेम, प्लीज…"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या लाल डोळ्यांत थोडं हसू होतं आणि थोडं दुसरंच काही.

"पावसात भिजलो होतो? कुणी सांगितलं?"

"मी सांगतेय."

"मग हे मी पुढे पाठवणार नाही," तो म्हणाला.

तो उठला, टपरीच्या फळीपाशी गेला आणि म्हणाला, "दावी, मला ताप आलाय."

मला रडू यायला लागलं. इतका राग मला त्याचा कधी आला नव्हता, आणि खरं सांगायचं तर इतका तो आवडलाही नव्हता. दोन्ही एकदमच झालं.

दावीने हात पुसून त्याच्या कपाळाला लावला. त्याने तिथेच उभं राहून फोन काढला आणि ग्रुपवर बोलायला लागला. आमच्या भाषेत, दावीला समजेल असं.

"मी एलिकेम. हे मला कुठून आलेलं नाही, मीच बोलतोय. सकाळी मी लस घेतली. आता मला ताप आहे, दंड दुखतोय. असं होऊ शकतं आणि उतरतं, हे नर्सबाईंनी आधी सांगितलं होतं. उतरला की सांगेन. नाही उतरला तरी सांगेन. कालचा त्या बाईचा मेसेज मी न तपासता टाकला, तो माझ्या नावावर धरा."

दावीने त्याला मिरचीचा तिखट रस्सा डब्यात भरून दिला आणि एका पोराबरोबर खोलीवर पाठवलं. टपरी आवरताना ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. घरीही नाही. मी समजून चुकले की संपलं. मैत्रिणीसाठी शिवलेलं तिचं काळं-लाल कापड कपाटात होतं, आणि त्याच्याकडे बघवेना म्हणून मी कपाटाचं दार लावून घेतलं.

सकाळी जाग आली तेव्हा दावी घरात नव्हती. टपरीवर धावले, तर टपरी बंद. इतक्या वर्षांत न झालेली गोष्ट. एलिकेमला फोन करायला मोबाईल काढला, तर ग्रुपवर आधी त्याचा मेसेज दिसला: 'एलिकेम बोलतोय. ताप उतरला. दंड अजून दुखतोय.' आणि त्याच्याखाली दावीचा आवाज होता.

"आज रस्सा नाही. मी मंडपाच्या रांगेत आहे. इथे सगळी म्हातारी माणसं आहेत आणि कुणी बोलत नाही. ज्याला वेळ असेल त्याने माझ्याबरोबर उभं राहायला यावं."

मी पळत सुटले.

रांग मैदानाच्या टोकापर्यंत गेली होती, कारण अर्धा वर्ग तिथे येऊन पोचला होता. काल सीआरला शेपूट फुटतंय का ते बघणारी सगळी पोरं. दावी मधोमध उभी राहून त्यांना ओरडत होती की लांब लांब उभे राहा.

"दावी…" मला धाप लागली होती. "मला वाटलं, त्याचा ताप पाहून तू…"

"त्या बाईने नाव सांगितलं नाही," दावी म्हणाली. "याने नाव सांगितलं आणि तापही सांगितला. आपली पडती बाजू असताना सांगितलं." मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. "लपवलं असतं ना, तर तुम्हा दोघांचं या जन्मात ऐकलं नसतं. कुजबुज मला ऐकू येते, यायरा. रस्सा ढवळणारी बाई बहिरी नसते."

मी तिच्या मागे रांगेत जाऊन उभी राहिले.

मैदानापलीकडून एलिकेम येताना दिसला. चालणं अजून जरा सैल होतं, दाढी वाढलेली, हातात पाण्याच्या पिशव्या. त्याने रांगेतल्या म्हाताऱ्यांना एकेक दिली आणि शेवटची घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"रागावलीयस?"

"हो. माझ्यावर."

"बरं. मग मला एक सांगायचंय. बरेच दिवस अडवून ठेवलंय, पुढे पाठवलं नाही." त्याने मास्क हनुवटीखाली घेतला. त्याच्या ओठांना तापाने भेगा पडल्या होत्या. "मला तू आवडतेस. फार."

माझ्या जिभेवर आलं ते फक्त नेहमीचंच.

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही गं. माझं मीच…"

"मी सांगते!" रांगेतून दावी ओरडली. "अख्ख्या ग्रुपला माहीत आहे. पुढे सरका आता."

सगळा वर्ग हसला. मीही मास्क खाली ओढला, म्हणजे त्याला माझं तोंड नीट दिसावं.

"मलाही," मी म्हणाले. "पण हे ग्रुपवर टाकू नकोस."

त्याने टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दावीने टाकलं: "आज भेंडी आहे, मासळी ताजी आहे. मी दावी आकोफा बोलतेय. माझा दंड दुखतोय, बाकी मी ठणठणीत आहे. आणि सीआरने आजपासून माझ्याकडे फुकट जेवायचं, तो आता घरचा आहे."